हवेत गेलेलं खत

‘हसवणारा वायू’ हे शब्द कुणी माझ्यासमोर काढले की माझं डोकं फिरतं. परवा दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. डॉक्टर म्हणजे पंचविशीची हसतमुख मुलगी. म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, आमच्याकडे हसवणारा वायू आहे. नाकावर मास्क लावला की पाच मिनिटांत भीती जाईल." मी म्हटलं, तो वायू लावायचा नाही, सुई देऊन दात उपटा. म्हातारा हट्टी आहे असं तिला वाटलं असणार. तिला काय सांगू, की त्या वायूशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते भांडण दाताचं नाही, भाताचं आहे.

त्याचं खरं नाव नायट्रस ऑक्साइड. माझी त्याची पहिली भेट शेतकी कॉलेजात झाली, पन्नासच्या दशकात. अमोनियम नायट्रेटचे खडे चंबूत घालून जपून तापवायचे, निघालेला वायू कोमट पाण्यावरून बरणीत धरायचा. कोमट का, तर गार पाण्यात तो विरघळून जातो. रंग नाही. वास असला तर किंचित गोडसर. विझत आलेली काडी बरणीत धरली की भप्पकन पेट घेते, त्यामुळे आम्हाला आधी वाटलं हा प्राणवायूच. आमच्या सरांनी सांगितलं, हा हुंगवून माणसाची दुखण्याची जाणीव बोथट करतात, दवाखान्यात ऑपरेशनला वापरतात. मग दोघातिघांनी सर वळल्यावर बरणीला नाक लावलं. एक जण खिदळत सुटला. माझे फक्त ओठ बधिर झाले आणि कानात गुंई वाजलं. मला हसू आलं नाही, हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

कॉलेज संपवून मी आमच्याच मुलखात शेतकी मदतनीस म्हणून रुजू झालो. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, सगळं रत्नागिरीतच मोडत होतं. मी मालवण बंदरातल्या घरातला. वडिलांचं वखारीचं काम, दोन मामा बोटीवर. भात आमच्या घरात पोत्यातून यायचं, आणि शेताशी माझा संबंध परीक्षेपुरता. पण पदवी होती, सायकल होती, आणि सरकारी छापाचा दांडगा आत्मविश्वास होता. या तीन गोष्टींवर माणूस केवढं नुकसान करू शकतो, ते मी करून दाखवलं.

काम होतं नव्या खताचं प्रात्यक्षिक करायचं. अमोनियम सल्फेट, पांढरं, जाड्या साखरेसारखं. आमच्याकडे शेणखत, राख आणि सुक्या मासळीचं कूट यापलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. त्यात हे दिसायला थेट मिठासारखं. खाडीकाठच्या माणसाला शेतात मीठ म्हटलं की धडकीच भरते, कारण एकदा खारं पाणी शिरलं की तो तुकडा दोन-तीन वर्षं हातचा जातो. मी गावोगाव पोतं दाखवत फिरलो आणि गावोगाव लोकांनी मला पाणी, गूळ आणि नकार दिला. एकाने तर सरळ विचारलं, "सायब, तुमच्या घराक शेती आसा?" मी पोतं पुन्हा सायकलला बांधलं.

शेवटी तालुक्यातल्या एका किनारी गावात एक बाई तयार झाली. पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ. नवरा बोटीवर खलाशी होता, तो तापाने गेलेला. मुलगा मुंबईत छापखान्यात. घर, दोन काजूची झाडं, खाडीकडे पावसाळी शेत आणि ओहोळाच्या पाण्यावर वायंगणी भाताचा एक कुणगा. कुणगा म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, आणि वायंगण म्हणजे थंडीत लावून उन्हाळ्यात कापायचं दुसरं पीक. मी तिला काकी म्हणत असे, ती मला झिला, म्हणजे पोरा.

ती तयार झाली ती हौसेने नाही. त्या श्रावणात उधाणाने खाडीचा बांध फोडला आणि तिच्या पावसाळी शेतात खारं पाणी शिरलं. ते पीक गेलं. मुलाचं पत्र आलं, की वायंगणाचं भात पावसाळाभर पुरेल एवढं आलं तर राहा गावाला, नाहीतर मे महिन्यात येऊन मी तुला घेऊन जातो, घर बंद करून. मुलगा वाईट नव्हता. एकटी बाई चार महिने पावसात काय खाणार, ही त्याची काळजी. पण काकी एकदा मुंबईला जाऊन आली होती.

"थंय आठ माणसा एका खोलीत," ती मला म्हणाली. "पाय पसरूक जागा नाय, आणि माझो स्वभाव पसरूचो."

तेव्हा तिला त्या एका कुणग्यातून नेहमीपेक्षा जास्त भात हवं होतं, आणि मी तेच कबूल करत दारोदार फिरत होतो. तिने पोत्यात हात घातला, खडे बोटांत चुरगळले, वास घेतला.

"झिला, ह्या मीठ न्हय मा?"

"न्हय काकी. मीठ न्हय."

"मगे घाल. माझ्याकडे घालवूक तेवढोच कुणगो आसा, जपान घाल."

हे वाक्य माझ्या कानात अजून आहे, आणि मला त्याचा राग येतो.

लावणी झाली. तिचा कुणगा पाटाच्या अगदी शेवटाला. वर ओहोळावर दिवाळीनंतर सगळा गाव मिळून मातीचा बांध घालतो, तिथून पाट काढतो, आणि पाळीपाळीने एकेकाच्या शेतात पाणी सोडतो. वरच्याला आधी, खालच्याला शेवटी. काकी सगळ्यांत शेवटची. पण पाणी बारमाही होतं आणि कुणग्यात चार बोटं पाणी कायम उभं असायचं, त्यामुळे मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझ्या कागदावर लिहिलं होतं, लावणीनंतर तीन आठवड्यांनी खत चिखलात मिसळावं. वर साहेबांचा निरोप होता, की अमुक दिवशी ते जीप घेऊन प्रात्यक्षिक पाहायला येणार, फोटो काढणार, तेव्हा पीक हिरवंगार दिसलं पाहिजे. मी बोटं मोजून दिवस काढला.

त्या दिवशी सकाळी पोतं सायकलला बांधून गेलो. काकी मेरेवर, म्हणजे बांधावर, बसली होती. म्हणाली, "आज नको घालू. पळण जवळ इली हा."

गावपळण मी ऐकून होतो, पाहिलेली नव्हती. आमच्या बंदरात ती चाल नाही. त्या गावात काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल घेतात, आणि कौल मिळाला की सगळा गाव तीन दिवस शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी पाऊल टाकत नाही. तीन रात्री झाल्या की पुन्हा देवाला विचारायचं, आणि देव हो म्हणाला की परत.

"देवान कौल दिलो की गाव भायर पडतलो," काकी म्हणाली. "पाण्याची राखण करूक कोण नसतलो. ती झाल्यावर घाल."

मी पंचवीस वर्षांचा होतो. मला तारीख पाळायची होती. मी तिला हसून म्हटलं, "काकी, खताक देव कळणा नाय."

ती उठली. मग पदर खोचून कुणग्यात उतरली. मी पाणी थोडं कमी करून घेतलं, दोघांनी मिळून खत फेकलं, आणि पायांनी ते चिखलात तुडवलं. काम मात्र चोख झालं, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. तिने एक शब्द काढला नाही, हे मी तेव्हा संमती म्हणून घेतलं.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि सहाव्या दिवशी गाव बाहेर पडला.

मला हे मालवणात कळलं. सायकल हाणत गेलो तर शिवेवरच्या माळावर सगळा गाव उतरलेला. नारळाच्या झावळांच्या राहुट्या, तीन दगडांच्या चुली, पेंढ्यावर लोळणारी पोरं, खुंटाला बांधलेले बैल, टोपलीखाली ओरडणारे कोंबडे. कुणी पत्ते खेळतंय, कुणी भजन म्हणतंय, बायका खेकडे साफ करतायत. एवढी सुखी माणसं मी आयुष्यात एकत्र पाहिलेली नाहीत, आणि मला त्या सगळ्यांचा संताप आला.

कारण जाण्याआधी त्यांनी पाट बंद केला होता. दर पळणीला करतात. मागे माणूस नसताना बांध फुटला, पाट तुंबला, तर सगळीच शेतं वाहून जातील, म्हणून पाटाच्या तोंडाशी माती घालून पाणी परत ओहोळात सोडून देतात. शहाणपणाचीच गोष्ट. तीन-चार दिवसांनी भाताचं काही बिघडत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. त्यांच्या शेतात नुकतंच घातलेलं अमोनियम सल्फेट नव्हतं, एवढाच फरक.

मी सरळ गावाच्या वाटेला लागलो. शिवेवर एक म्हातारे मानकरी बसले होते, त्यांनी काठी आडवी धरली.

"खंय चल्लास सायब?"

"पाटाक. फक्त एका कुणग्याक पाणी सोडतंय आणि परत येतंय. अर्धो तास."

"आत कोण जावचो नाय. देव एकटो आसा आत."

मी कायदा सांगितला, सरकार सांगितलं, रसायनशास्त्रसुद्धा सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमी सरकारचे ह्या खरा. पण ही शीव सरकारची न्हय." मी इतका चिडलो की सायकल तिथेच आपटली. चेन निसटली ती वेगळीच.

काकीने मला हाताला धरून तिच्या राहुटीत नेलं आणि केळीच्या पानावर भात आणि खेकड्याची आमटी वाढली. मी नको म्हणत होतो.

"इलंस तसो जेव," ती म्हणाली. "तू उपाशी रवान कुणग्यात पाणी येवचा नाय."

तिला तिच्या कुणग्याची काळजी नव्हती असं नाही. जेवताना ती दोनदा वारा कुठून येतोय ते बघत होती. पौषातला कोरडा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता, आणि त्या वाळसर मातीत पाणी किती दिवस टिकतं हे तिला ठाऊक होतं. पण शिवेपलीकडे जाण्याचा विचार तिच्या मनालाही शिवला नाही. मला शिवला, आणि मला कुणी जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. ठरलेली तारीख तीच होती. साहेब पुण्याकडचे.

"गाव कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हा काय, हाच," मी माळाकडे हात केला.

"मग शेतं कुठे आहेत?"

"ती आत आहेत. आत जाता येत नाही."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. सांगताना माझं मलाच कानकोंडं झालं. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून जीपमध्ये ठेवला, लोकांनी आग्रह केला म्हणून तळलेले मासे खाल्ले, आणि निघताना मला म्हणाले, "तुम्ही इथलेच ना? तारीख ठरवण्याआधी विचारायला काय झालं होतं?" मला वाटलं, तुम्हीच तर तारीख दिलीत. पण तेही पूर्ण खरं नव्हतं. मला आगाऊ सांगणारं माणूस होतं, मी त्याला हसण्यावारी नेलं होतं.

चौथ्या दिवशी देवाला विचारलं, देवाने कौल दिला नाही. पाचव्या दिवशीही नाही. गावाला त्याचं काही नव्हतं, आणखी एक दिवस मासे आणि भजन. सहाव्या दिवशी कौल मिळाला आणि गाव वाजतगाजत परत गेला. मग घरं सारवायची, देवळात नैवेद्य, मग पाट साफ करायचा. पाणी पुन्हा सुटलं आणि वरच्यापासून पाळी सुरू झाली. मी एकेकाच्या पाया पडलो, की आधी काकीला द्या. एक जण म्हणाला, पाळी मोडली तर उद्या बांधाला कोण येईल. खरंच होतं. काकी स्वतःच मला म्हणाली, पाळी मोडायला सांगू नको, मला या गावात राहायचं आहे. असे एकूण अकरा दिवस गेले. कुणग्यातली माती पांढुरकी होऊन पायाला टोचत होती, कडेकडेने बारीक भेगा पडल्या होत्या.

पाणी आलं तेव्हा लोकांनी हळहळून तिला दुप्पट वेळ दिला. कुणगा काठोकाठ भरला. कोरड्या मातीतून बुडबुडे निघत होते आणि काकी समाधानाने बघत होती. मीही सुटलो बुवा असं म्हटलं. आम्ही दोघं तिथे उभे राहून आमचंच नुकसान होताना पाहत होतो, आणि ते डोळ्यांना छान दिसत होतं.

पंधरा दिवसांत पीक पिवळं पडलं. आधी खालची पानं, टोकाकडून. शेजारच्या कुणग्यात शेण आणि मासळीचं कूट होतं. तोही तितकाच सुकला होता, पण नंतर पाणी मिळाल्यावर तो सावकाश हिरवा झाला. काकीचा मात्र दिवसेंदिवस उतरत गेला. लोक येऊन मेरेवर उभे राहायचे, आणि मला बघून काही न बोलता जायचे. बोलले असते तर बरं झालं असतं. मी कार्यालयात जाऊन आणखी अर्धं पोतं मागितलं. उत्तर मिळालं, एका शेताला एकदाच, प्रात्यक्षिक दोनदा होत नसतं.

मी कॉलेजातल्या सरांना सगळं लिहिलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं, बारीक अक्षरात, समासापर्यंत भरलेलं. ओल्या चिखलात अमोनिया मातीला धरून राहतो. चिखल सुकून हवा शिरली की आठ-दहा दिवसांत मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. मग पाणी भरलं की दुसऱ्या जातीचे जंतू कामाला लागतात. त्यांना श्वासाला हवा मिळत नाही, म्हणून ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. बराचसा साधा नायट्रोजन, थोडा नायट्रस ऑक्साइड. शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही प्रयोगशाळेत बरणीत धरला होता तोच. या वेळी बरणी नव्हती इतकंच." सरांना विनोदाची आवड होती. मी ते कार्ड फाडून टाकलं.

चोर दिसला असता तर मी त्याच्या मागे धावलो असतो. कीड लागली असती तर फवारलं असतं, डुक्कर आलं असतं तर राखण केली असती. याला रंग नाही, चटका नाही, त्या उघड्या रानात वाससुद्धा नाही. एका बाईचं वर्षाचं अन्न तिच्या डोळ्यांदेखत वर जात होतं आणि आम्ही ‘पाणी आलं, पाणी आलं’ करत होतो. काकीला मी जमेल तसं सांगितलं, की खत मातीत राहिलं नाही, हवेत गेलं.

"हवेत गेला?" तिने वर बघितलं. "मगे परत खाली कधी येतला?"

तेव्हा मी म्हटलं, माहीत नाही. आज माहीत आहे, आणि आजचं उत्तर जास्त वाईट आहे. साधा नायट्रोजन हवेत मिसळला, त्याचं काही नाही, हवा बहुतेक त्याचीच. पण तो थोडका दुसरा वायू शंभरेक वर्षं वर राहतो. उन्हाची ऊब तो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पटींनी धरून ठेवतो, आणि आणखी वर गेला की ओझोनचं पांघरूण कुरतडतो. हे मी निवृत्तीनंतर वाचलं. जगात जिथे जिथे खत ओततात तिथून तो निघतो. माझ्यासारखे कितीतरी सायकलवाले तेव्हा पोती घेऊन फिरत होते. काकीच्या कुणग्यातून गेलेला बराचसा अजून वरच असेल. तिच्या पोटात गेलं असतं ते भात आता सगळ्या दुनियेच्या डोक्यावर तापत बसलंय, आणि दवाखान्यातली पोरगी मला तो हुंगून हसा म्हणते.

चैत्रात कापणी झाली. मी गेलो होतो. न जाण्याची सोय नव्हती, प्रात्यक्षिकाचं भात मोजून कळवायचं होतं. लोंब्या हलक्या, निम्मे दाणे पोचट. झोडणी झाली, वारवलं, आणि जे उरलं ते काकीने स्वतः सुपाने कणगीत ओतलं. कणगी पाऊण रिकामी राहिली. तिने आत हात घालून भात सपाट केलं, जणू सपाट केल्याने ते वर येणार होतं. दरवर्षी साध्या शेणखतावर तिला याच्या दुप्पट होत असे. मी खत घातलं नसतं तर तेवढं झालं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचा कंटाळा येतो. तिने कूट तयार करून ठेवलं होतं, पळण झाल्यावर घालायला. ते तसंच पडवीत राहिलं, कारण माझं खत घातलेल्या शेतात दुसरं काही घालायचं नाही, अशी अट होती.

पुढे मी ते काम तीसेक वर्षं केलं आणि बरं केलं असं लोक म्हणतात. गावात गेलो की आधी विचारायचो, देवाचं काय ठरलंय, जत्रा कधी, पाटाला पाणी कोण सोडतं, तुमची पाळी कितवी. मग पोतं उघडायचो. बायकांना वेगळं विचारायचो. माझ्या हाताखालच्या पोरांना वाटायचं साहेब देवभोळे आहेत. मी त्यांना कधी कारण सांगितलं नाही, सांगताना आवाज चढतो म्हणून.

मे महिन्यात मुलगा आला. मालवण बंदरातून पावसाआधीची शेवटची बोट होती. मी धक्क्यावर गेलो. बोट लांब उभी, माणसं आणि बोचकी होडीतून न्यायची. मुलगा सामान चढवत होता, माझ्याशी नीट बोलला, उलट आभार मानले. म्हणाला, आईला कधीतरी आणायचीच होती. काकी वाळूत तिच्या ट्रंकेवर बसली होती. उन्हाला डोळ्यांवर हात धरून गावाच्या दिशेला बघत होती, तिथून काही दिसत नव्हतं तरी.

मी आठवडाभर वाक्यं जुळवून गेलो होतो. काकी, मी ऐकायला हवं होतं, तारखेपायी मी तुझं वाटोळं केलं, वगैरे. त्यातलं पहिलं वाक्य मी तोंडातून काढणार तोच तिने माझा दंड धरला.

"झिला, माझा चुकला," ती म्हणाली. "मिया तुका अडवूक व्हया होता. आडवी उभी रवान अडवूक व्हया होता. पण पोरगो शिकलेलो, तेका चार माणसात कमीपणा कित्याक, म्हणान गप रवलंय. तुझी सगळी मेहनत फुकट गेली रे माझ्यापायी."

होडीवाल्याने हाक मारली. मुलाने तिला उचलून आत बसवलं. ती पाय जवळ ओढून, अंग चोरून बसली, शेजारच्यांना जागा व्हावी म्हणून. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो आणि माझी जुळवलेली वाक्यं तशीच तोंडात होती. इतकी वर्षं मी खतावर चिडलो, साहेबावर, देवाच्या कौलावर, न दिसणाऱ्या त्या वायूवर चिडलो. त्या दिवशी फक्त तिने माझ्यावर चिडायला हवं होतं.